महागडे मशीन हा उपाय नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीत लाकडी जाळीकामाच्या छंदावरचा लेख वाचला. साधे स्क्रोल सॉ मशीन (बारीक पाते वरखाली हलवून लाकडात नक्षी कापणारी करवत) घेऊ नका, ते थरथरते, पाते बदलताना जीव मेटाकुटीला येतो आणि शेवटी मशीन माळ्यावर जाते, असे लेखकाने नवशिक्यांना बजावले आहे. तक्रारी खऱ्या आहेत, निष्कर्ष पटला नाही. मी निवृत्त गणित शिक्षिका आहे. सांधेदुखीने माझे दोन्ही अंगठे आखडले आहेत, आणि लेखात ज्याला नावे ठेवली आहेत त्याच जातीच्या मशीनवर मी रोज काम करते. मशीन तेच आहे, फक्त त्याला मी घरी काही जोड दिले आहेत.

जाळीकामात कापायला फारसा वेळ लागत नाही, वेळ जातो तो पाते ओवण्यात, हे ज्याने केले त्यालाच कळते. नक्षीतले आतले प्रत्येक घर कापायचे तर पात्याचे वरचे टोक सोडवा, ते लाकडाच्या छिद्रातून ओवा, पुन्हा आवळा, ताण द्या. चाळीस घरांची नक्षी असेल तर हे चाळीस वेळा. आणि आवळायचा स्क्रू केवढा, तर शर्टाच्या बटणाएवढा! त्यावर मी पातळ प्लायवुडची पाच पाकळ्यांची मूठ कापून इपॉक्सीने चिकटवली. स्क्रूची त्रिज्या ८ मिलिमीटर, मुठीची २४, म्हणजे तेवढ्याच आवळणीला एकतृतीयांश जोर पुरतो. मूठ हलकीच हवी, कारण ती पात्याबरोबर सतत वरखाली होते. जड केली तर थरथर वाढेल. शिवाय आता जोर कमी लागतो म्हणून जास्त आवळायचा मोह होतो. तसे केल्यास स्क्रूचे आटे जातात.

इतके करूनही पाते निसटत असेल, तर दोष बहुधा स्क्रूचा नसतो. नव्या पात्यांवर तेलाचा पातळ थर असतो. दोन्ही टोके बारीक पॉलिश पेपरवर एकदा घासली की पकड बसते. हे कोणत्याही माहितीपत्रकात मला सापडले नाही.

पाते सुटले की त्याचे वरचे टोक धरणारी दांडी खाली कलते आणि एक हात तिला धरण्यातच अडकतो. मागच्या सांध्यापाशी दांडीखाली सरकवायला मी एक लाकडी पाचर केली आहे. तिला भडक लाल रंग दिला आहे, कारण ती आत असताना मशीन सुरू होता कामा नये.

मान अवघडते ही तक्रार लेखात आहे, पण त्यावर उपाय म्हणून सुचवली आहे फक्त उंच खुर्ची. मशीनच कलते करावे! माझ्या मशीनची बैठक ५० सेंटिमीटर लांब आहे. मागच्या पायांखाली ४ सेंटिमीटरचे ठोकळे दिले की टेबल साधारण साडेचार अंशांनी माझ्याकडे उतरते. पाते आणि टेबल यांच्यातला कोन बदलत नाही, त्यामुळे कापाला काही होत नाही. ठोकळे मात्र बोल्टने पक्के हवेत. बैठक जाड फळीला आवळून खाली रबरी चटई घातली, की लेखकाने सांगितलेली थरथरही पुष्कळ निवते.

कोनाचा विषय निघालाच आहे तर, काटकोन तपासायला मी गुण्या वापरत नाही. पाचेक सेंटिमीटर जाडीच्या टाकाऊ तुकड्यात समोरून थोडा काप घ्यायचा, मशीन बंद करायचे, तुकडा फिरवून पात्याच्या मागून आणायचा आणि पाते त्याच कापात अलगद शिरते का पाहायचे. तुकडा अर्धा वळसा फिरल्याने चूक दुप्पट दिसते, म्हणून जेवढा फरक दिसेल त्याच्या निम्म्यानेच टेबल हलवायचे. वर्गात कोनांचा हा धडा फळ्यावर इतका छान कधीच जमला नाही.

टेबलात पात्यासाठी असलेले भोक बरेच मोठे असते. बारीक तुकडे त्यातून खाली पडतात आणि आधार नसल्याने लाकडाची खालची कड फुटते. मुदत संपलेल्या प्लास्टिकच्या बँक कार्डाला बारीक छिद्र पाडून पाते त्यातून घ्यायचे आणि कार्ड टेबलावर चिकटवायचे. दोन्ही त्रास मिटतात.

भुसा उडवायला काही जण फिशटँकचा एअर पंप लावतात. मीही लावला आहे. नक्षीची रेघ स्वच्छ दिसते, पण त्याचे कौतुक जरा जास्तच होते. भुसा रेघेवरून उडून नाकाकडेच येतो, विशेषतः एमडीएफ (लाकडाच्या बारीक तंतूंची दाबून केलेली फळी) कापताना. मास्क आणि टेबलाखाली व्हॅक्यूमची नळी ही दोन्ही आधी, पंप नंतर.

विजेच्या बाबतीत मात्र घरगुती डोके चालवू नये. पाय उचलताच बंद होणारा फूटस्विच ही सर्वांत उपयोगी जोड, दोन्ही हात लाकडावरच राहतात. पण तो मोटरचा करंट पेलणारा, बंद डब्यातला, तयारच घ्यावा. वेग कमीजास्त करायला पंख्याचा किंवा दिव्याचा रेग्युलेटर जोडण्याचा सल्लाही कानावर येतो. अशा मशीनच्या इंडक्शन मोटरला तो चालत नाही, मोटर तापते.

लेखकाला माझी विनंती एवढीच आहे, की पुढच्या लेखात मशीनांच्या तुलनेचा तक्ता थोडा आखडता घ्यावा आणि पाते किती ताणायचे, कोणत्या लाकडाला कोणत्या नंबरचे लावायचे, हे चित्रांसह सांगावे.

कळावे,
आपली एक वाचक