प्रॉडक्शन बंद झालं, दिग्या

कराड
जूनअखेर

प्रिय दिग्या,

दिवाळीपासून तुझे फोन येतायत आणि मी उचलत नाही. रागावला असशील तर रागाव. पण फोनवर सांगितलं असतं तर तू आधी हसला असतास, आणि ते मला ऐकायचं नव्हतं. कागद वाचून किती हसायचंय तेवढं हस.

आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजातली प्रॉडक्शन शाखा बंद होतेय. प्रोग्रेसिव्ह क्लोजर. म्हणजे पहिल्या वर्षाला प्रवेश नाहीत, आत आहेत ती पोरं बाहेर पडेपर्यंत वर्ग चालवायचे, मग कुलूप. ६० जागांच्या शाखेला हाताच्या बोटांवर मोजावीत इतकी पोरं येत होती, त्यामुळे आज ना उद्या हे होणारच होतं. त्यात २०२४ पासून एआयसीटीईनं, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेनं, चांगल्या कॉलेजांवरची जागांची कमाल मर्यादा काढून टाकली. पुण्यातल्या मोठ्या कॉलेजांत कॉम्प्युटरच्या तुकड्या वाढल्या की कराडला लेथवर, धातू कातायच्या यंत्रावर, उभं राहायला कोण येतंय? वर्कशॉपमधल्या लेथ भंगारात काढायचं ठरलंय. किलोवर. त्या जुन्या, पंजाबातल्या बटाला बनावटीच्या लेथची किंमत त्या भंगारवाल्यानं माझ्यासमोर पायानं ठोकून सांगितली.

आणि मी? मला संस्थेच्या मागच्या इमारतीत पाठवतायत. बीबीएला. विषय मॅनेजमेंट सायन्स.

हस आता. तू एमबीएला गेलास तेव्हा मी तुला वर्षभर 'पुडीवाला' म्हणत होतो, हे तू विसरलेला नाहीस आणि मीही नाही. ते मागे घेत नाही. तेव्हा तू गेलास ते पगारासाठी, मला ढकलतायत. फरक आहे.

तब्येत बरी. बीपीची गोळी चालू आहे, आईचा गुडघा तसाच. पुढे.

अभ्यासक्रम बघितला तर, लेका, तो आपलाच आहे. ट्रान्सपोर्टेशन, असाइनमेंट, सिम्प्लेक्स, पर्ट-सीपीएम, क्यूइंग. माल, माणसं नि वेळ कसा बसवायचा याची गणितं. बर्वे सरांनी थर्ड इयरला फळा भरून शिकवलं ते सगळं, फक्त सिद्धता काढून टाकलेल्या. त्यातलं सिम्प्लेक्स, म्हणजे मर्यादित साधनांचा सर्वात फायद्याचा वापर टेबलं मांडत शोधायची रीत, गणिती डान्झिगनं १९४७ साली अमेरिकन हवाई दलाच्या नियोजनासाठी काढलं, ते आता आर्ट्समधून बारावी झालेल्या पोरीला शिकवायचं, जिनं गणिताचं पुस्तक दहावीनंतर उघडलेलं नाही. मी फेब्रुवारीत महिनाभर बदली म्हणून तास घेतले. खरं तर त्या महिन्यानं सगळा घोळ केलाय, नाहीतर मी सरळ 'नाही' म्हणून मोकळा झालो असतो.

झालं असं. क्यूइंग, म्हणजे रांगेचं गणित, काढलं. ते सुरू करणारा एरलँग, कोपनहेगनची टेलिफोन कंपनी, १९०९, हे सांगेपर्यंत निम्मा वर्ग मोबाईलमध्ये. मग म्हटलं, साखर कारखाना घ्या. वजनकाट्यावर तासाला सरासरी १० ट्रॅक्टर उरकतात, येतात ९. आवारात सरासरी किती ट्रॅक्टर असतील? सगळे म्हणाले, एखाद-दुसरा, काटा मोकळाच पडेल की. गाड्या दिवसभर कधीही, कशाही येतात असं धरून फळ्यावर सूत्र मांडलं: ९ भागिले (१० वजा ९). उत्तर ९. मग येणाऱ्या गाड्या साडेनऊ केल्या. उत्तर १९. अर्ध्या ट्रॅक्टरनं आवार दुप्पट भरलं. आपल्या प्रॉडक्शनच्या पोरांना हे सांगितलं की ती वहीत उतरवून घेतात आणि विचारतात, किती मार्कांना येतं.

इथं मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. म्हणाली, "सर, ट्रॅक्टर असे येतच नाहीत. दिवसभर तोड चालते, संध्याकाळी सगळे एकदम निघतात. आणि नंबर कुठं आल्या क्रमानं लागतो?" तिच्या वडिलांचा ट्रॅक्टर ऊस वाहतुकीला आहे, हे मला नंतर कळलं. मग वर्ग सुटलाच. बैलगाड्यांची रांग वेगळी. गव्हाण, म्हणजे ऊस आत ओढणारा पट्टा, बंद पडली की काट्यापासून रस्त्यापर्यंत सगळं ठप्प. एखाद्याची चिठ्ठी मधूनच पुढं सरकते, ती का सरकते हे सगळ्यांना ठाऊक. रांग फार दिसली की काहीजण ऊस दुसऱ्या कारखान्याला वळवतात. आठवतं, बर्वे सरांनी बॉल्किंग आणि रेनेगिंग, म्हणजे रांग बघूनच परत फिरणं आणि रांगेतून मधेच निघून जाणं, दोन ओळींत उरकलं होतं? इथं त्याची गावंसुद्धा सांगत होती पोरं. शेवटी तीच मुलगी म्हणाली, रांगेत थांबलेला तोडलेला ऊस वाळतो, वजन त्यानंतर काट्यावर होतं, म्हणजे रांगेचा खर्च शेतकऱ्याच्या बिलातून जातो. साखरेचा उतारा घटतो तो वेगळा. सर, हा खर्च तुमच्या सूत्रात कुठं धरलाय?

दिग्या, इतकी वर्षं क्यूइंग शिकवतोय, हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. तूसुद्धा नाही. तू तर त्या पेपरला लंब्याच्या पाठीमागं बसला होतास.

पण थांब, लगेच फुगू नकोस, 'मी म्हणत होतोच' म्हणून. दोनच आठवड्यांनी चाचणी घेतली. तीन चलांचं साधं सिम्प्लेक्स. वर्गात एकालाही दुसऱ्या टेबलच्या पुढं जाता आलं नाही. अडले कुठं? दोन तृतीयांशातून तीन चतुर्थांश वजा करताना. त्या मुलीनं कागद कोरा दिला आणि खाली लिहिलं, सर, मला विचार सांगता येतो, बेरीज येत नाही. आमच्या प्रॉडक्शनच्या पोरांना तेच टेबल झोपेत सोडवता येतं, मात्र स्वतःच्या गावच्या काट्यावर तासाला किती गाड्या येतात हे त्यांना बघावंसंही वाटत नाही. याचं मी काय करू? पूर्णांक-अपूर्णांकापासून सुरू करायचं तर सेमिस्टर तिथंच संपतं. सॉफ्टवेअरकडून उत्तर काढून घ्यायचं तर ते उत्तर चुकलंय हे यांना कळणार कसं? आणि पेपर काढणारे 'रांग सिद्धांतावर टीप लिहा, ५ गुण' असं विचारून मोकळे होणार. सोडवायचा विषय पाठांतराचा होऊन बसेल. मला रात्री झोप लागत नाही ती या टिपेमुळं.

तू म्हणशील, शॉप फ्लोअर न बघता मॅनेजमेंट शिकता येतं, मी शिकलो. तू शिकलास कारण तू शिरोलीच्या फाउंड्रीत माझ्याबरोबर स्टॉपवॉच घेऊन उभा होतास. ते भांडण अजून मिटलेलं नाही हं. कामगार घड्याळ बघून हळू करत होते, आणि तू त्यांना चहा पाजून, क्रिकेटवर बोलत मोजमाप घेतलंस. मी म्हटलं ही फसवणूक आहे, तू म्हणालास हेच खरं वर्क स्टडी. अलाउन्स, म्हणजे विसाव्याचा जादा वेळ, किती धरायचा यावरून आपण मेसमध्ये दोन दिवस बोललो नव्हतो, मावशींनी ताटं वेगळी वाढली. माझं मत अजून तेच आहे. पण आता हे भांडायला पोरंच नसतील, कारण लेथ गेल्या, फाउंड्रीची भेट अभ्यासक्रमात नाही, आणि मी वर्गात पीपीटी दाखवणार.

आणखी एक गुंता आहे. २०२४ पासून बीबीए, बीएमएस हे सगळं एआयसीटीईखाली आलं आणि सीईटी लागली. पहिल्याच वर्षी जागा रिकाम्या राहिल्या म्हणून ऑगस्टमध्ये पुन्हा परीक्षा घ्यावी लागली, तुला आठवत असेल. तेव्हापासून कित्येक कॉलेजांनी नाव बदलून बी.कॉम.चा काहीतरी ऑनर्स प्रकार केला. सीईटी टळते, प्रवेश भरतात. आमच्या संस्थेतही कुजबुज चालू आहे. तसं झालं तर मॅनेजमेंट सायन्स सक्तीचं राहीलच असं नाही. म्हणजे मी प्रॉडक्शन सोडून बीबीएला जायचं, आणि वर्षभरात तिथं माझ्या तासाला 'व्यक्तिमत्त्व विकास' लागायचा. सासरेबुवा आत्ताच विचारतात, "इंजिनिअरिंगचे प्राध्यापक होतात ना?" व्यक्तिमत्त्व विकासाचं त्यांना काय सांगू?

बरं, तुझं काय. चाकणची दुसरी शिफ्ट सुरू झाली का? वैशालीची बदली थांबली हे लंब्याकडून कळलं, बरं झालं. आर्यला कुठली शाखा घ्यावी हे मला विचारू नकोस, मी सध्या त्या विषयावर बोलायच्या लायकीचा माणूस नाही.

आता काम. बीबीएला जायच्या संमतीपत्रावर सही द्यायला महिनाअखेरपर्यंत मुदत आहे. मी दोन अटी घालायचं ठरवलंय: आठवड्याला दोन तास प्रात्यक्षिक, आणि हंगामात वर्ग घेऊन काट्यावर जायची लेखी परवानगी. प्राचार्य पहिली मान्य करतील, दुसरीला बसची अडचण सांगतील. तुझ्या प्लांटच्या गेटवर मालाचे ट्रक किती वेळ थांबतात याच्या नोंदी तुझ्याकडे असणारच. महिन्याभराच्या पाठव, कंपनीचं नाव खोडून. दुसरी अट नाकारली तर निदान खऱ्या आकड्यांवर शिकवीन. आणि ती बटाला लेथ मी स्वतः विकत घ्यायच्या विचारात आहे. ठेवायची कुठं ते माहीत नाही. घरी अजून बोललेलो नाही, तेव्हा वैशालीजवळ बोलू नकोस, ती लगेच हिला फोन करेल.

फोन कर. या वेळी उचलतो.

तुझा,
बाळ्या