करंडी पोचवणाऱ्यांचे आभार

ज्यांची नावं मला कधीच कळली नाहीत, त्यांच्यासाठी हे चार शब्द.

आमची दिवाळीची सुट्टी कल्याणला संत्र्यांनी सुरू व्हायची. विदर्भातल्या वरुडहून आजी आंबिया बहाराच्या, म्हणजे दिवाळीच्या सुमारास तयार होणाऱ्या संत्र्यांची करंडी पाठवायची. बांबूची, आत तणस, वर गोणपाट शिवलेलं. एस.टी.ने बडनेरा आणि तिथून विदर्भ एक्सप्रेस. सोबत घरचं कुणीच नसायचं. आजोबा फलाटावर एखादं भलं माणूस हेरायचे, "कल्याणला माझा जावई येईल" एवढंच सांगायचे आणि करंडी त्याच्या हवाली करायचे. एकही करंडी कधी चुकली नाही. रात्रभर पाय आखडून बसलेल्या एका काकूंनी तर खिडकीतून हाक मारून बाबांना शोधलं होतं!

करंडी उघडली की घरभर तो वास. साल हिरवट-पिवळी, पण आत गोडच. भाऊबीजेपर्यंत पुरावीत म्हणून आई मोजून द्यायची, दिवसाला दोन. पांढऱ्या शिरा काढत एकेक फोड खायची, बिया अंगणात पेरायच्या.

संत्रं ओढून तोडलं तर देठाजवळ साल फाटते आणि फळ सडतं. आमच्या करंडीतल्या प्रत्येक फळाला कात्रीनं कापलेला छोटा देठ असायचा. म्हणजे कुणीतरी एकेक फळ जपून उतरवलं होतं. त्या तोडणाऱ्या हातांचे, करंडी टपावर चढवणाऱ्या हमालांचे, कंडक्टरदादांचे आणि त्या सगळ्या प्रवाशांचे मनापासून आभार. काकू, तुम्हाला एक संत्रं द्यायचं त्या दिवशी राहून गेलं.