सर, डावी बाजू आधी भरायला लावल्याबद्दल आभार

आदरणीय सर,

निरोप समारंभात शाल-श्रीफळ झालं, भाषणंही झाली. चाकणच्या या कारखान्यात तुम्ही इंजिनिअरांना नेमकं काय शिकवलंत, ते मात्र राहूनच गेलं. म्हणून हे जाहीर पत्र.

पहिले आभार ए-थ्री कागदाचे. अख्खी समस्या एकाच कागदावर मांडून सोडवायची टोयोटाची ही पद्धत पुष्कळ ठिकाणी ऑडिटपुरती उरते. ४२० बाय २९७ मिलिमीटरचा आडवा कागद. डावीकडे सद्यस्थिती, आकडे, उद्दिष्ट, मूळ कारण; उजवीकडे उपाय, कोण-कधी करणार आणि पडताळणी. इंजिनिअरचा हात आधी उजवीकडेच जातो, मग त्या उपायाला शोभेल असं कारण डावीकडे रचलं जातं. तुम्ही डावी बाजू पेन्सिलीने भरायला लावायचात आणि लाइनवरच्या ऑपरेटरला ती पटेपर्यंत उजवीकडे काही लिहू द्यायचा नाहीत.

तिथेच कळलं की प्रेस ताशी ६० नग काढत असेल आणि पुढचं वेल्डिंग ४५च, तर प्रेस ७० वर नेणाऱ्याला शाबासकी कशाला? वाढतो फक्त मधला साठा. पैसा, माणसं, मेंटेनन्सचा वेळ आधी वेल्डिंगला. बाकीच्या चांगल्या प्रस्तावांनाही 'यंदा नाही' म्हणायचं, आणि हेच सगळ्यांत जड जातं.

प्रकल्प मंजूर करण्याआधीचा तुमचा प्रश्न: 'वर्ष झालं, प्रकल्प फसलाय. का?' दहा मिनिटं कुणी बोलायचं नाही, प्रत्येकाने लिहायचं, वाचन सर्वांत कनिष्ठापासून. साहेब आधी बोलले की बाकीचे माना डोलावतात, म्हणून तुम्ही शेवटी.

काम सोपवण्याच्या चार पायऱ्या नव्या टीम लीडला विशेष उपयोगी: पाहून सांग; पर्याय सुचव; ठरव, पण विचारून कर; कर आणि कळव. कोणती पायरी, ते आधीच सांगायचं. ते न सांगितल्याने एक जण प्रत्येक बोल्टसाठी विचारत बसतो, दुसरा परस्पर ऑर्डर देऊन मोकळा होतो. सेफ्टी इंटरलॉक (धोका असताना मशीन चालू न देणारी सोय) बायपास करण्याबाबत मात्र चौथी पायरी कुणालाच नाही.

निर्णयांची वही चालू आहे: तारीख, नाकारलेले पर्याय, गृहीतकं, फेरतपासणी कधी. नोंद नसली की निकालानंतर सगळेच 'मला ठाऊक होतं' म्हणतात. फेरतपासणीच्या तारखा आता मेंटेनन्सच्या वेळापत्रकातच टाकल्या आहेत. नुसती वही कोण उघडतं?

आपले,
उत्पादन विभागातले इंजिनिअर