‘रोज पाणी घाला’ एवढंच छापू नका

मा. संपादक,
स. न.

आपल्या पुरवणीत घरच्या बागेतल्या पुदिना-कोथिंबिरीवरचा लेख आवडीने वाचला. एका गोष्टीसाठी मात्र पत्र लिहिल्यावाचून राहवलं नाही. पुदिना, कोथिंबीर, पानओवा, रोझमेरी या सगळ्यांना रोज सकाळी पाणी घालावं, असं त्यात सरसकट म्हटलं आहे. याच सल्ल्यापायी माझी रोझमेरीची तीन रोपं गेली.

तिसरं रोप गेलं तेव्हा मी कुंडी जुन्या वर्तमानपत्रावर उपडी केली. वरची बोटभर माती कोरडी ठणठणीत आणि आत चिखल. मुळं तपकिरी झाली होती. एक चिमटीत धरून ओढलं, तर साल मोज्यासारखी निघून आली आणि मागे नुसता दोरा उरला. वास कुजका. पाण्यात बुडालेल्या मुळांना हवा मिळत नाही, ती मरू लागतात आणि पाणी वर ओढायचं थांबवतात. मग भरल्या कुंडीत रोप माना टाकतं. तहानेलं रोप आणि बुडालेलं रोप वरून अगदी सारखंच दिसतं, आणि मी बापडी माना टाकलेल्या बघून आणखी पाणी घालत होते.

रोझमेरी मूळची भूमध्य समुद्राकाठच्या कोरड्या, खडकाळ उतारांवरची. तिची पानं सुईसारखी बारीक आणि चिवट, पाणी जपून वापरणारी. पानओव्याचं पान तर जाड, गरदार. तो स्वतःच पाणी साठवून ठेवतो. या दोघांची माती दोन पाण्यांच्या मध्ये चांगली वाळू द्यावी. उलट पुदिन्याचं पान पातळ, त्याला ओल हवीच. कडक उन्हात लहान कुंडीला दिवसातून दोनदाही पाणी लागतं. अशा चौघांना एक नियम कसा पुरेल? माती दोन पेरं खोल बोटाने चाचपावी, नाहीतर कुंडी उचलून पाहावी. कोरड्या आणि ओल्या कुंडीच्या वजनातला फरक आठवड्याभरात हाताला कळू लागतो.

तळाशी खड्यांचा थर द्यावा, असंही लेखात आहे. त्याने निचरा सुधारत नाही. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोकळ्या खड्यांत सहजासहजी उतरत नाही, ते खड्यांच्या वरच अडून बसतं. मुळांची जागा तेवढी कमी होते. त्यापेक्षा मातीतच भरड वाळू मिसळावी.

कोथिंबिरीबद्दलही थोडं. एक धना म्हणजे दोन बिया चिकटलेल्या असतात. तो लाटण्याने हलकेच दाबून दोन फाकी कराव्यात, रात्रभर भिजवून पेराव्यात. कोंब यायला आठ-दहा दिवस, कधी दोन आठवडेही लागतात. तोवर माती उकरून बघू नये. (मी बघायची.) हिचं सोटमूळ खोल जातं आणि ते दुखावलेलं तिला खपत नाही. म्हणून ट्रेमध्ये रोप करून मग हलवण्यापेक्षा वीतभर खोल कुंडीत थेट पेरलेली बरी. ऊन तापलं की ती फुलावर येते आणि वरची पानं धाग्यासारखी बारीक होतात. ही तिची रीतच आहे, त्यात आपली चूक नसते. दर पंधरा दिवसांनी थोडे धने पेरत राहावं. फुलावर आलेली दोन रोपं मी मुद्दाम ठेवते, कारण त्या फुलांवर येणाऱ्या फूलमाश्यांच्या अळ्या मावा, म्हणजे झाडांचा रस शोषणारी बारीक कीड, खातात.

माझी विनंती एवढीच, की पुढच्या वेळी प्रत्येक रोपापुढे त्याचं पाणी वेगळं लिहावं. आमच्या शेजारच्या सूनबाईंनी ‘माझ्या हाताला झाडंच लागत नाहीत’ म्हणून सगळ्या कुंड्या माळ्यावर टाकून दिल्या होत्या. गेल्या महिन्यात त्या खाली काढून पाहिल्या, तर पाचपैकी चार कुंड्यांना तळाला भोकच नव्हतं. भोकं पाडून दिली आहेत. पुदिन्याच्या काड्या त्यांनी पेल्यातल्या पाण्यात ठेवल्या आहेत, आणि कालपासून त्यांना पांढरी मुळं दिसू लागली आहेत.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका