नाचणीच्या घमेल्याबद्दल

प्रिय मावशी,

एप्रिलमध्ये तुम्ही शाळेतून निवृत्त झालात, हे मला परवा आमच्या दहावीच्या ग्रुपवर कळलं. तीस वर्षं जे सांगायचं राहिलं, ते आता सगळ्यांसमोरच लिहिते.

कॉन्व्हेंटचं वर्ष आम्हाला सणांवरून कळायचं. 16 जुलैला कार्मेल मातेचा सण, हमखास मुसळधार पाऊस, आणि चिखलातून आलेले आमचे पांढरे कॅनव्हासचे बूट. तुम्ही खडू ओला करून ते एकेकीचे फटाफट पांढरे करून द्यायचात. 8 सप्टेंबरला मारियेच्या जन्मदिवसासाठी फुलं आणायची. मग अख्खा ऑक्टोबर रोझरीचा, म्हणजे मारियेच्या जपमाळेच्या प्रार्थनेचा.

पण माझ्यासाठी शाळा म्हणजे 1996 सालचा डिसेंबर. मी आठवीत होते. नाताळच्या नाटकात मी मेंढपाळ होते आणि मला एकच वाक्य होतं. तालमीत ते घशात अडकलं. ‘च’वर मी अशी थांबले की मुली हसायला लागल्या. दुसऱ्या दिवशी ते वाक्य दुसरीला दिलं गेलं. मला कुणी काही सांगितलंही नाही, यादीतून नाव तेवढं गेलं. मी स्टेजमागच्या खोलीत जाऊन बसले.

तुम्ही आत आलात. का रडतेस, असं विचारलं नाहीत. मातीनं भरलेलं घमेलं माझ्यासमोर ठेवलंत आणि म्हणालात, “बाय, गोठ्यातलं गवत यंदा तू बघ.” येशूच्या जन्माच्या देखाव्यातल्या गोठ्यात हिरवं गवत म्हणून नाचणीचे कोंब ठेवायचे.

आगमनकाळात, म्हणजे नाताळआधीच्या चार रविवारी, दर रविवारी एक मेणबत्ती लागते; त्यातली दुसरी लागली की नाचणी रात्रभर भिजवायची, सकाळी दाट पेरायची, वरून पाणी ओतायचं नाही, नुसतं शिंपडायचं. तिसरी, गुलाबी मेणबत्ती लागेपर्यंत कोंब वर यायला हवेत. हे सगळं तुम्ही शिकवलंत. मला तर ते ओळखीचंच वाटलं, कारण नवरात्रात आमच्या घरी आई घटाभोवती असंच धान्य पेरायची. मी तसं म्हटल्यावर तुम्ही किती खूश झालात! “मग तुला शिकवायचं काय?” म्हणालात. त्या शाळेत मी पाहुणी नाही, असं मला पहिल्यांदा त्या दिवशी वाटलं.

मी रोज मधल्या सुट्टीत पाणी शिंपडायला यायचे. तेव्हाच तुम्ही मला म्हणालात, “रोझरी म्हणताना तू कुठे अडकतेस?” खरंच, ऑक्टोबरमध्ये पन्नास वेळा ‘नमो मारिया’ सगळ्यांबरोबर म्हणताना माझा एक शब्दही अडकला नव्हता. माझ्या ते लक्षातच आलं नव्हतं. सगळ्यांबरोबर एका सुरात बोललं की तोतरेपणा बहुतेकांचा कमी होतो, हे पुढे वाचाउपचार शिकताना मी पुस्तकात वाचलं. पण आधी ते तुमच्या लक्षात आलं होतं, हातात झाडू घेऊन असेंब्लीच्या मागे उभ्या असताना.

आज माझ्याकडे अडखळणारी मुलं येतात. त्यांना मी पहिल्यांदा एकटं बोलायला लावत नाही. आम्ही दोघं मिळून मोठ्यानं म्हणतो.

मावशी, तुमचे खूप खूप आभार. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी वसईला तुमच्याकडे येते. घमेलं मी आणेन, नाचणी तेवढी भिजवून ठेवा.

तुमची,
आठवी ‘ब’मधली मेंढपाळ