कांजीने पंप सुटत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आंबवलेल्या भाज्या आणि फुफ्फुसांचं आरोग्य या लेखाचा दुसरा भाग कालच्या रविवार पुरवणीत वाचला. पहिल्या भागाच्या वेळी मी गप्प बसले, कारण तेव्हा आमच्या घरी दवाखान्याच्या खेपा चालू होत्या. कालच्या भागात, कांजीने दम्याच्या पंपाची (इन्हेलरची) गरज कमी होते, हे तेच वाक्य पुन्हा छापलेलं पाहिलं आणि आता लिहिणं भाग आहे.

माझ्या सासूबाईंना जुना दमा आहे. सकाळ-संध्याकाळ पंप घ्यायचा, मग खळखळून चूळ भरायची, हा त्यांचा नेम. पहिला भाग वाचून त्यांनी आंबवलेल्या कांजीसाठी गाजर-बीट आणवलं, मोहरी कुटली, बरणीला दादरा बांधून गॅलरीत उन्हाला ठेवली. इथवर काहीच बिघडलं नव्हतं. पण 'नियमित सेवनाने पंपाची गरज हळूहळू कमी होते' असं तुम्ही चौकटीत ठळक अक्षरांत छापलं होतं. त्यांनी पंप कपाटात ठेवून दिला. आम्हाला पत्ताही लागू दिला नाही. मग एका रात्री त्या पलंगावर उठून बसलेल्या दिसल्या, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून. छातीतून शिटी वाजत होती, एक वाक्य पुरं होत नव्हतं. तातडीचा निळा पंप दिला, तरी उतार पडेना. शेवटी रिक्षाने दवाखाना गाठला आणि वाफेच्या मशीनवर पहाट झाली. घरी आल्यावर विचारलं, "आई, पंप का सोडलात?" तर म्हणाल्या, "अगं, पेपरात आलंय ना, मग खोटं कसं असेल?"

सासरे होते तेव्हापासून आमच्याकडे तुमचाच पेपर येतो. त्या विश्वासावर त्यांनी औषध सोडलं, हे मला तुमच्यापर्यंत पोचवायचं आहे.

आतड्याचा आणि फुफ्फुसाचा संबंध असतो, हे मला मान्य आहे. 2014 साली 'नेचर मेडिसिन' या वैद्यकीय नियतकालिकात स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या संशोधकांचं काम आलं होतं. आहारात तंतुमय पदार्थ वाढवले की आतड्यातले जीवाणू त्यापासून प्रोपिओनेटसारखी आम्लं जास्त तयार करतात आणि ॲलर्जीने श्वासनलिकेला येणारी सूज कमी होते, असं त्यात दिसलं. पण ते सगळं उंदरांमध्ये. आणि उंदरांना दिला होता चोथा, कांजी नव्हे. तिथून थेट 'पंपाची गरज कमी होते' इथवर तुमचे लेखक कोणत्या आधारावर आले, ते त्यांनी लिहायला हवं होतं. दुसऱ्या भागात तर अडुळशाचं वासारिष्ट हे आंबवलेलं आयुर्वेदिक औषध आणि कांजी एकाच रांगेत बसवली आहेत. अरिष्टात धायटीच्या फुलांबरोबर यीस्टचं काम चालतं आणि मद्यार्क तयार होतो. कांजी दुधाच्या विरजणासारखी लॅक्टिक आम्लाने आंबते. दोन्हींचा गुण एक कसा?

त्याहून राग आला तो कृतीचा. भाज्या पाण्यात घाला आणि 'चवीपुरतं मीठ'! आंबवणात मीठ चवीसाठी नसतं. आम्ल वाढेपर्यंत नासवणाऱ्या जीवाणूंना तेच थोपवून धरतं. माझ्या माहेरी कैऱ्या खारात घालताना आई मीठ तोलून घ्यायची आणि फोडी वर येऊ नयेत म्हणून बशीवर धुतलेला दगड ठेवायची. लिटरभर पाण्याला वीसेक ग्रॅम मीठ आणि फोडी पूर्ण बुडालेल्या, एवढं सांगायला दोन ओळी पुरल्या असत्या. आमच्या बरणीत वर तरंगणाऱ्या गाजरांवर हिरवट बुरशी धरली होती. सासूबाईंनी ती चमच्याने काढून खालचं पाणी घेतलं, कारण बुरशी आली तर सगळं फेकून द्या असं लेखात कुठेच नव्हतं. बुरशीचे कण दमेकऱ्याला किती त्रास देतात, हे फुफ्फुसांवर लिहिणाऱ्याला माहीत नसावं? आणि मीठ बेताचं घातलं तरी पेलाभर कांजीत तीन-चार ग्रॅम जातं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात पाच ग्रॅमच्या आत राहायला सांगते. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांसाठी लेखात एक शब्द नाही.

माझी मागणी साधी आहे. येत्या रविवारी त्याच पानावर, तेवढ्याच ठळक चौकटीत छापा: डॉक्टरांना विचारल्याशिवाय पंप बंद करू नका. मिठाचं प्रमाणही द्या. माझं पत्र आतल्या पानाच्या कोपऱ्यात टाकून ते काम होणार नाही, कारण पुरवणी कापून फ्रिजवर चिकटवणाऱ्या बायका हे पान उघडत नाहीत.

आणखी एक. कोलशेतला आमच्या इमारतीमागे काँक्रीटचा प्लांट आहे. सकाळी पुसलेल्या कठड्यावर संध्याकाळी पुन्हा सिमेंटची पांढुरकी पूड बसते, ताडपत्री न टाकलेले डंपर रात्रभर जातात, आणि तक्रारीला संबंधित कार्यालयातून फक्त क्रमांक मिळतो. पीएम 2.5 ची, म्हणजे हवेतल्या अतिसूक्ष्म कणांची, आपल्याकडची वार्षिक मर्यादा घनमीटरला 40 मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेची 2021 पासून 5. आपल्या ठाणे पानावर रोज हवेचा निर्देशांक यायचा, तो गेल्या पावसाळ्यापासून गायब आहे. सासूबाईंना सकाळी फिरायला पाठवायचं की नाही, हे मी तो आकडा बघून ठरवत असे. तो परत सुरू करा.

आपली,
एक वाचक, कोलशेत, ठाणे (प.)