फेलोशिपवाल्यांनो, रविवारी या!

मंडळी, एलएलएम, पत्रकारिता, एमएसडब्ल्यू झालेले बरेचजण ग्रुपवर विचारायलेत की मानवी हक्कांच्या कामात बाहेरदेशी जायला काही आहे का, तर आहे, त्यासाठीच येत्या रविवारी सकाळी ११ ला संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यातल्या आपल्या नेहमीच्या अभ्यासिकेत बसायचंय. बीड-जालनावाल्यांनी सकाळची एसटी पकडा, मागच्या वेळेसारखं १२ ला उगवू नका.

बोलायचं दोन गोष्टींवर. पहिली ह्यूमन राइट्स वॉच या मानवी हक्कांवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेची एक वर्षाची फेलोशिप, नुकतंच मास्टर्स झालेल्यांसाठी, काम म्हणजे जागेवर जाऊन माहिती काढणं, रिपोर्ट लिहिणं. दुसरी यूएनच्या मानवी हक्क कार्यालयाची अल्पसंख्याक फेलोशिप, जिनिव्हात, २००५ पासून चालू आहे, तिथं तुम्ही समाजात काय काम केलंय हे बघतात.

येताना आणा:
- बायोडाटा, दोन पानांच्या आत
- इंग्रजीत स्वतः लिहिलेलं काहीतरी, कॉपी-पेस्ट अजिबात नको. ऊसतोड बायांच्या गर्भपिशवीच्या ऑपरेशनवर कुणी फिल्डवर्क केलं असेल तर तेच आणा, लै भारी सॅम्पल होईल
- पासपोर्ट नसेल तर आधी अर्ज टाका

आणि हो, यूएन कुठल्याच टप्प्यावर फी घेत नाही. पैसे मागणारा एजंट भेटला तर सरळ ब्लॉक करा.

येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत इथंच नाव टाका, खुर्च्या कमी आहेत.